विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येते, मूल रोज येतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. फळवाटप, प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा, पाहुण्यांच्या हस्ते श्रवणयंत्रांचं वाटप. एका छायाचित्रात माझ्याकडच्या एका शाळेतली मुलगी होती, कानाला नवं यंत्र लावून हसणारी. त्या छायाचित्राबद्दल माझी काही तक्रार नाही. तिच्या आईने तो अंक जपून ठेवला आहे. पण त्या यंत्राचं पुढे वर्गात काय होतं हे बातमीत येत नाही. ते शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि बाकीच्या मुलांच्या पालकांनाही माहीत असायला हवं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, तरी शक्य असेल तर काटछाट न करता छापावं ही विनंती.

मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका. आधी काही वर्षं दक्षिण सोलापूर तालुक्यात काढली, आता शहराच्या पूर्व भागातल्या शाळा माझ्याकडे आहेत. अजूनही अनेकांना वाटतं की दिव्यांग मुलं म्हणजे अंधशाळेत किंवा मूकबधिर शाळेत जाणारी मुलं. त्या शाळा आहेत आणि त्या लागतातच. पण माझी मुलं तुमच्या-आमच्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा स्पष्ट समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडायचा अधिकारही दिला. त्यामुळे ‘हे मूल आमच्याकडे कशाला?’ असं आता कुठल्या शाळेला म्हणता येत नाही. नाव दाखल होतं, हजेरी लागते, खिचडी मिळते. मूल वर्गात बसतं. आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं बसूनच राहतं.

कारण सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं की याला शिकवायला मॅडम येणार आहेत. मॅडम म्हणजे मी. मी एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचते, तेही आठवडा धड गेला तर. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. माझी पदविका त्यातल्या एका प्रकाराची, कर्णबधिर मुलांना शिकवण्याची आहे. पण शाळेत मला कर्णबधिर, अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षम, स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेलं अशी सगळीच मुलं भेटतात. ब्रेल मी नोकरीत लागल्यावर शिकले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. राज्याने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या प्रत्येक गटाला एक अशी, ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. आमच्यातल्या अनेकांनी मानधनावर अख्खी उमेद घालवली, त्यांना या निर्णयाचं मोल मी सांगायला नको. पण हिशेब करा. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या, तर सगळी पदं भरल्यावरही एका शाळेच्या वाट्याला आठवड्याचा जेमतेम अर्धा दिवस येतो. उरलेले दिवस ते मूल कुणाचं? मला या पत्रात एवढंच विचारायचं आहे, आणि ते उरलेले दिवस ज्या शाळांनी सांभाळले तिथे काय झालं ते सांगायचं आहे.

आधी श्रवणयंत्राचं. यंत्र कानामागे बसतं, पण आवाज कानात पोचतो तो साच्यातून. हा साचा प्रत्येक मुलाच्या कानाचं माप घेऊन बनवतात. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि साचा सैल होतो. मग आवाज फटीतून बाहेर येतो, यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. वर्गात कुणीतरी म्हणतं, ‘बाई, हिचं मशीन वाजतंय.’ सगळे वळून बघतात. मुलगी यंत्र काढून दप्तरात टाकते आणि त्या दिवसापासून ते दप्तरातच राहतं. कुणाला वाटतं यंत्र बिघडलं, कुणाला वाटतं मुलीला नको आहे. खरं तर फक्त साचा नवा करायचा असतो. लहान मुलांचा तर काही महिन्यांतच बदलावा लागतो.

सेलचंही तसंच. त्याच्यावरचा स्टिकर काढला की तो हवेने चालू होतो आणि वापरा न वापरा, उतरत जातो. आठ-पंधरा दिवसांत संपतो. यंत्र मिळालं तेव्हा सोबत आलेले सेल संपले की विकत घ्यायचे असतात, आणि ज्या घरात आईने हजार विड्या वळल्यावर मजुरी मिळते त्या घरात हा खर्च पुढच्या आठवड्यावर जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर गेला की घाम नळीत उतरतो आणि आवाज बंद. त्याला उपाय साधा आहे. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायचं. बुटांच्या खोक्यातली पुडीसुद्धा चालते. आयांना हे एकदा दाखवलं की त्या कायम करतात. वर्गशिक्षकाने रोज सकाळी फक्त एवढं करावं: मुलीच्या मागे उभं राहून, तोंड दिसू न देता, तिच्या नावाने हाक मारावी. वळली तर यंत्र चालू आहे. नाही वळली तर सेल बघावा. याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि हे मी आठवड्यातून एकदा करून भागत नाही.

पूर्व भागातल्या शाळांचा आणखी एक प्रश्न आहे, तो पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत नसतो. शाळेच्या भिंतीला लागून यंत्रमाग. आपल्याला तो खडखडाट सवयीचा झालेला असतो, कानच तो बाजूला सारतात. यंत्र मात्र बाईंचा आवाज जेवढा वाढवतं तेवढाच मागाचाही. एका शाळेत तिसरीतली मुलगी यंत्र लावलं की डोकं धरून बसायची. तिथल्या मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी केल्या. तिसरीचा वर्ग मागाच्या बाजूने उचलून रस्त्यापासून आणि मागापासून लांबच्या खोलीत नेला, आणि चौथीला इकडे आणलं. मग एका पालकाकडून विणकामात थोडा दोष राहिलेल्या चादरी मागून घेतल्या आणि त्या खोलीच्या दोन भिंतींवर टांगल्या. रिकाम्या सिमेंटच्या भिंतींवर आवाज आपटून घुमतो, चादर तो शोषून घेते. मोर, फुलं, नक्षी असलेल्या सोलापुरी चादरींचा तो वर्ग आता शाळेतला सगळ्यात देखणा वर्ग आहे, आणि घुमणं कमी झाल्यामुळे बाकीच्या मुलांनाही नीट ऐकू येतं असं तिथल्या बाईच सांगतात. बाईंनी स्वतःही एक सवय लावून घेतली. फळ्याकडे तोंड करून त्या बोलत नाहीत. आधी लिहितात, मग वळतात, मग बोलतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या मुलाला प, ब आणि म एकसारखेच दिसतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाय, बाय, माय’ म्हणून बघा. त्या मुलीने श्रुतलेखनात ‘पान’ऐवजी ‘मान’ लिहिलं तर ती शुद्धलेखनाची चूक धरू नये. ‘झाडाचं पान’ असं वाक्यात घालून सांगावं. तिला गुण वाढवून द्या असं मी म्हणत नाही, तिला जे ऐकूच आलं नाही त्याचे गुण कापू नका.

भाषेचा विषय तर आपल्या सोलापुरात याहून मोठा आहे. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी, अक्कलकोट रोडकडे कन्नड, कुठे उर्दू, आणि शाळा मराठी. चलाख मूल वर्षभरात दोन-तीन भाषांत भांडायला शिकतं. ज्याला शिकायला वेळ लागतो त्याचं काय होतं ते मी रोज बघते. दुसरीतल्या एका मुलीच्या कागदावर ‘साध्या सूचना समजत नाहीत’ असं लिहून आलं होतं. मी पण ‘पाणी दाखव, पाणी कुठंय?’ असं विचारत होते आणि ती माझ्या बांगड्यांकडे बघत बसली होती. तिची आई दारात विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर न करता नुसतं म्हटलं, ‘नीळ्ळु ते.’ मुलगी उठली, कोपऱ्यातला पेला घेतला, माठातून पाणी भरलं, सांडत-सांडत आणलं आणि माझ्या हातात दिलं. आईकडे नाही, माझ्याकडे. घरी पाहुणं आलं की पाणी पाहुण्याला द्यायचं हे तिला कळत होतं. उठायचं, पेला शोधायचा, भरायचा, न पाडता आणायचा, कुणाला द्यायचा ते ठरवायचं, आणि कागदावर म्हणे साध्या सूचना समजत नाहीत.

ती मुलगी बौद्धिक अक्षम आहेच, त्यात शंका नाही. पण तिला काय येतं आणि काय येत नाही हे तिला न येणाऱ्या भाषेत मोजलं तर मोजमाप चुकणारच. आणि त्या मोजमापावर तिचं सगळं शिक्षण आखलं जातं. अशा मुलांच्या आयांना ‘घरी मराठीच बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. माझा याला ठाम विरोध आहे. आईची मराठी बाजारापुरती. त्या मराठीत ती मुलीला रागावू शकते, समजावू शकत नाही, गोष्ट सांगू शकत नाही, लाडात बोलू शकत नाही. जिला आधीच शब्द कमी मिळतात तिच्याशी घरचं माणूस बोलायचंच थांबतं. आम्ही उलट केलं. आईने वापरायचे रोजचे शब्द वहीत लिहून घेतले, वर्गशिक्षिकेने ते पाठ केले, आणि पहिले काही महिने त्या मुलीशी वस्तूचं नाव आधी तेलुगूत, मग लगेच मराठीत असं बोलायचं ठरवलं. वर्गशिक्षिका सांगोल्याच्या, त्यांना तेलुगूचा गंध नव्हता. वर्गातल्या तेलुगू मुलांनीच त्यांचे उच्चार सुधारले. ज्या मुलांना वर्गात तोंड उघडायची लाज वाटायची ती बाईंना शिकवायला पुढे आली. आता ती मुलगी मराठीत पाणी मागते, दप्तर मागते, घरी जायचंय म्हणते. आईने वळलेल्या विड्यांचे दहा-दहाचे ढीग लावून देते. आईच्या दृष्टीने तिची सगळ्यात मोठी प्रगती ही, आणि माझ्याही.

आम्हाला लोक म्हणतात, ‘तुमच्याकडे फार सहनशक्ती आहे बाई, हे पुण्याचं काम.’ प्रेमाने म्हणतात, मला माहीत आहे. पण सहनशक्तीने बटण लावायला शिकवता येत नाही. त्याला रीत लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. त्याची बोटं जाड, पकड ढिली. सगळे त्याला पहिल्यापासून शिकवत होते: बटण धर, काज धर, आत घाल. तो पहिल्या पायरीलाच अडकायचा, चिडायचा, शर्ट ओढायचा. आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. बटण काजातून अर्ध्याच्या वर मीच बाहेर काढते आणि त्याने फक्त ओढायचं. ओढलं की बटण लागलं, काम त्याच्या हातून पुरं झालं. ते पक्कं झालं की मी एक पायरी मागे सरते, बटण थोडंसंच बाहेर काढून ठेवते. मग आणखी मागे. प्रत्येक वेळी शेवट त्याच्याच हातून होतो. सरावाला आधी कोटाचं मोठं बटण आणि सैल काज, मग शर्टाचं.

हे मी वर्गाच्या मागे बसून करत होते आणि त्याच्या वर्गशिक्षिका बघत होत्या. पुढच्या आठवड्यात गेले तर त्यांनी हीच रीत हातच्याच्या वजाबाकीला लावलेली. वर्गात ज्या चार-पाच मुलांना वजाबाकी जमत नव्हती, ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचं कुठलंही प्रमाणपत्र नाही अशांना, त्यांनी सगळं गणित सोडवून फक्त शेवटचा आकडा भरायला ठेवला होता. मग शेवटचे दोन. मग सगळं. मला त्यांनी वही दाखवली तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. माझ्या एका मुलासाठीची रीत चाळीस मुलांच्या वर्गाची झाली होती, आणि त्या मुलाला आता उरलेले दिवसही शिकवणारं कुणीतरी होतं. बटण लागायला पावसाळा उलटला. आता तो दोस्तांची बटणंसुद्धा लावून देतो, न विचारता.

दक्षिण सोलापुरात असतानाचा एक मुलगा सांगायलाच हवा. जन्मापासून पूर्ण अंध. निवासी अंधशाळेत पाठवायला आजी तयार नव्हती, म्हणून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. ब्रेलमध्ये सहा टिंबं, त्यातच सगळी अक्षरं. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटा करून डावीकडून वाचायचं. हे शिकवायला वेळ लागतो, बोटांच्या टोकांना ते कळायला त्याहून जास्त. पण एका बाबतीत ब्रेल आपल्या मराठीला फार सोयीचं आहे. आपण ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढतो, उच्चारतो मात्र क नंतर. पहिलीतली कितीतरी मुलं तिथे अडखळतात, ‘इक’ वाचतात. ब्रेलमध्ये वेलांटी येते तिच्या उच्चाराच्या जागी, अक्षरानंतर. हा मुलगा तोंडाने म्हणत-म्हणत टोचत जायचा आणि वेलांटीला कधीच अडायचा नाही. त्याचे गुरुजी तरुण होते, नुकतेच लागलेले. त्यांनी हे हेरलं आणि वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलांना त्याच्या शेजारी बसवलं. तो म्हणायचा, ‘आधी क म्हण, मग इ म्हण. आता जोडून म्हण.’ तोवर त्याला सगळे हात धरून नेणारे होते. तिथून त्याच्याकडे येऊन बसणारे झाले.

त्याच गुरुजींनी फळ्यावर जे लिहायचं ते तोंडाने बोलत लिहायची सवय लावली. ‘हे इथे, ते तिथे’ म्हणणं सोडलं. भूगोलाला त्यांनी जिल्ह्याचा नकाशा पुठ्ठ्यावर केला. हद्दीला सुतळी, भीमेला मागावरचं जाड सूत दुहेरी पिळून, सीनेला एकेरी, उजनीला ज्वारीचे दाणे चिकटवलेले. मुलगा एका हाताचं बोट भीमेवर आणि दुसऱ्याचं सीनेवर ठेवून खाली सरकत गेला आणि दोन्ही बोटं एकमेकांना भिडली तसा थांबला. म्हणाला, ‘इथं एकच हाय. दोन व्हत्या.’ गुरुजी म्हणाले, तो कुडलचा संगम, आपल्याच तालुक्यात. त्याने हत्तरसंग-कुडलची यात्रा आजीच्या खांद्यावरून केलेली होती, पाण्याचा आवाज ऐकलेला होता. दोन नद्यांचं एक होणं म्हणजे काय हे त्या दिवशी त्याच्या हाताला कळलं. वर्गातल्या बाकी मुलांनी नंतर डोळे मिटून तो नकाशा चाचपला, रांग लावून.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते. उतार, म्हणजे रॅम्प, बऱ्याच शाळांत आहे, पण पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. त्याहून खडा उतार चाकाच्या खुर्चीला पायरीपेक्षा धोक्याचा. मुलींच्या शौचालयाचं दार अरुंद असतं, आत धरायला दांडा नसतो. आई कडेवर आणते तोवर मुलगी शाळेत येते, आईच्याने उचलवेना झालं की नाव पटावर राहतं आणि मुलगी घरी. अध्ययन अक्षमता असलेलं, म्हणजे बुद्धी ठीक असून वाचण्या-लिहिण्यात अडणारं मूल तर दिसतच नाही. ते ‘आळशी’ म्हणून मार खाऊन मोठं होतं. आणि ज्या दिवशी वॉर्डात पाणी येतं त्या दिवशी माझी निम्मी मुलं गैरहजर, कारण आई नळावर आणि मुलाला सोडायला कुणी नाही. काही दिवसांआड येणारं पाणी सोडून शाळेत या असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी माझ्या भेटींचं वेळापत्रक पाण्याच्या पाळ्या बघून लावते. शाळांनीही या मुलांच्या पालकसभा, तपासणी शिबिरं लावताना तेवढं बघावं.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. अशा प्रत्येक मुलाला काय शिकवायचं याचा वैयक्तिक आराखडा मी बनवून देते आणि तो कपाटात जातो. तो वर्गशिक्षकाच्या टेबलावर असू द्या. त्यात महिन्याला एक-दोनच गोष्टी असतात, त्या रोज पाच-दहा मिनिटं करायच्या असतात. माझ्या भेटीच्या दिवशी मुलाला वर्गातून उठवून व्हरांड्यात माझ्यासमोर आणून बसवू नका. मलाच वर्गात बसू द्या, म्हणजे वर्गशिक्षकही बघतील आणि वर्गही बघेल. चाळीस मुलं, अभ्यासक्रम, माहित्या भरणं, निवडणुकीची कामं, हे सगळं वर्गशिक्षकांच्या डोक्यावर आहे हे मी रोज पाहते. तरीही मागते आहे, कारण चादरी टांगणारे, तेलुगू शब्द पाठ करणाऱ्या, बोलत-बोलत फळ्यावर लिहिणारे, सगळे याच ओझ्याखालचे लोक होते. त्यांच्या वर्गातलं मूल शिकलेलं मी पाहिलं आहे. ज्या वर्गाने मूल माझ्या एकटीवर सोडलं, तिथे माझी कितीही विद्या लावली तरी सोमवारी शिकवलेलं पुढच्या सोमवारी पुसलेलं असतं.

शेवटी एक तातडीचं काम. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा सुरू होईल. ज्या मुलांना दिव्यांगत्वामुळे लिहिता येत नाही त्यांना लेखनिक मिळतो, आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे सहसा नववीचा विद्यार्थी. दरवर्षी नववीच्या मुलांचे पालक म्हणतात, ‘याच्या अभ्यासाचं काय?’ आणि ऐन वेळी जो मिळेल तो बसवला जातो. मग परीक्षार्थी सांगतो ‘समद्विभुज त्रिकोण’ आणि लिहिणाऱ्याला तो काढता येत नाही. उत्तर येत असून गुण जातात. दोघांनी आधी तीन-चार पेपर एकत्र सोडवलेले असले, कुठे थांबायचं, आकृती कशी सांगायची, खाडाखोड कशी करायची हे ठरलेलं असलं, तर हे होत नाही. जी नववीची मुलं लेखनिक होऊन गेली त्यांच्या दहावीचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही, त्यांनी तो पेपर एक वर्ष आधी आतून पाहिलेला असतो.

शहरातल्या शाळांनी नववीच्या वर्गात याच आठवड्यात विचारावं आणि तयार असलेल्या मुलांची नावं पालकांच्या संमतीने लिहून घ्यावीत. आपल्या शाळेत लागत नसेल तर शेजारच्या शाळेला कळवावं. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत सगळं शहर सिद्धेश्वराकडे वळतं, त्याआधीच दोघांना सरावाला निवांत वेळ मिळतो.

आपली,
एक विशेष शिक्षिका (समावेशित शिक्षण)
सोलापूर